३० मिनिटं ३६ सेकंद

किन्शासा ते ब्राझाव्हिल. अंतर सुमारे ८ किलोमीटर. विमानाने लागणारा वेळ ३० मिनिटं ३६ सेकंद.

हे उत्तर मनाने रचलेलं नाही. दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी जी गणितं फोनवर चालतात, त्यांतलं नेहमीचं सूत्र घेतलं, आफ्रिकेतल्या या दोन राजधान्यांचे अक्षांश-रेखांश भरले आणि जे बाहेर पडलं ते वर लिहिलं. सूत्र अगदी साधं आहे. पृथ्वी म्हणजे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल असं धरायचं आणि त्या गोलावर दोन ठिपक्यांमधली सगळ्यात जवळची वाट काढायची. याला हॅवरसाइन म्हणतात, पण नावाला घाबरू नका, त्यात साइन-कोसाइनपलीकडे काही नाही. मग आलेल्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि विमानाच्या चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास वर टाकायचा. आठ भागिले आठशे म्हणजे तासाचा शंभरावा भाग, म्हणजे ३६ सेकंद. झालं उत्तर तयार.

गंमत अशी की हे उत्तर चुकीचं आहे असं कोणी म्हणू शकत नाही. कोड बरोबर चाललाय, इनपुट बरोबर आहे. कोड रिव्ह्यूला आलं असतं तर मीही मान्य करून पुढे गेलो असतो. एक हजार शहरांची यादी आणि एक लूप, एवढ्यावर ४,९९,५०० जोड्या निघतात आणि प्रत्येक जोडीला अशी एक ओळ मिळते. त्यातल्या बऱ्याच ओळी कामाच्याही असतात. लागोस ते नैरोबी घ्या. अंतर ३,८०० किलोमीटरच्या आसपास, सूत्राने सव्वापाच तास, आणि थेट विमान खरोखरच साधारण पाच तासांत पोचवतं. तिथे या ओळीला नावं ठेवायचं कारण नाही.

पण कथा-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, तेच या एका ओळीला विचारून बघू. हे कोण बोलतंय? कुठे उभं राहून बोलतंय? आणि काय गाळतंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं: नदी. किन्शासा आणि ब्राझाव्हिल काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर बसली आहेत. एक काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी, दुसरी काँगो प्रजासत्ताकाची. रोम आणि व्हॅटिकनची जोडी सोडली तर इतक्या जवळ असलेल्या दोन राजधान्या जगात नाहीत. मराठीत याला 'हाकेच्या अंतरावर' म्हणतात. काँगोसारख्या नदीवर हाक पोचणार नाही हे खरं, पण संध्याकाळी पलीकडचे दिवे दिसतात. आणि मधे पूल नाही.

(मराठी वाचकाची इथे थोडी फजिती होते. नकाशावर या जागेला 'मालेबो पूल' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हा 'पूल' म्हणजे डोह. शहरांच्या वरच्या अंगाला नदी पसरून वीस-पंचवीस किलोमीटर रुंद होते, मग शहरांपाशी आक्रसते आणि लगेच खाली धबधब्यांच्या रांगेत कोसळते. थोडक्यात, पूल आहे पण पूल नाही.)

आता ठिपक्यांकडे या. शहराला एक ठिपका असतो हे गृहीत धरल्याशिवाय सूत्र चालतच नाही. किन्शासाची वस्ती दीड कोटीच्या वर गेली असं मानतात आणि त्या नावाच्या प्रांताचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे. त्याचा ठिपका पडतो तो नदीकाठच्या गोंबे भागात किंवा त्याच्या आसपास, म्हणजे मंत्रालयं, वकिलाती आणि मोठ्या कंपन्यांच्या इमारती आहेत तिथे. ८ किलोमीटर हे खरं तर गोंबेपासूनचं अंतर आहे. गोंबेतल्या माणसाला शेजारच्या देशाची राजधानी स्वतःच्या शहराच्या विमानतळापेक्षा जवळ पडते. किन्शासाचा न्जिली विमानतळ शहराच्या पूर्वेला लांब आहे, ब्राझाव्हिलचा माया-माया विमानतळ शहराच्या पोटात आहे, आणि दोन्ही धावपट्ट्यांमध्ये सरळ रेषेत २६ किलोमीटर भरतात. या दोन विमानतळांमध्ये अधूनमधून विमानं उडतातही. म्हणजे उडण्यासाठी आधी शेजाऱ्याकडे पाठ करून तिप्पट लांब जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि मग जिथून निघालो त्याच्या डोक्यावरून पलीकडे उतरायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने केली त्याने विमानतळ पाहिला नव्हता, पण त्याला सगळं कळलेलं होतं.

हे दोन ठिपके तिथे टाकले कोणी, हा प्रश्न त्या ओळीत शिरू शकत नाही, कारण ठिपका डेटाबेसमध्ये आधीपासून असतो. म्हणून तो इथे जरा सावकाश बघू.

या डोहाच्या दोन्ही काठांवर तेके लोकांची गावं होती आणि मोठा बाजार भरायचा. वरच्या हजारो किलोमीटरच्या जलमार्गावरून हस्तिदंत इथे यायचं. पुढे धबधबे असल्यामुळे होड्या इथेच थांबायच्या आणि माल डोक्यावर घेऊन समुद्राकडे जायचा. ज्याच्या हातात हा डोह त्याच्या हातात आतला अख्खा प्रदेश, हे युरोपियनांच्या लवकर लक्षात आलं. १८८० साली पिएर साव्होर्न्यां द ब्राझा याने तेकेंचा राजा मकोको याच्याशी फ्रान्सच्या नावाने करार केला, उत्तर काठावर ठाणं टाकलं आणि मालामिन कामारा नावाच्या सेनेगली सार्जंटला मूठभर माणसांसह तिथे ठेवून तो निघून गेला. १८८१ मध्ये हेन्री मॉर्टन स्टॅन्ली बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या पैशावर तिथे पोचला, तेव्हा मालामिन फ्रेंच झेंडा घेऊन समोर आला आणि त्याने कराराचा कागद दाखवला. स्टॅन्लीने दक्षिण काठ धरला आणि वर्षअखेरीस तिथे लिओपोल्डव्हिल उभं केलं. तेच आजचं किन्शासा.

म्हणजे ही दोन शहरं योगायोगाने समोरासमोर नाहीत. एका साम्राज्याने एक काठ घेतला म्हणून दुसऱ्याने दुसरा घेतला. पुढे प्रत्येक गोष्ट दोनदा झाली. धबधबे टाळून समुद्र गाठायला बेल्जियनांनी मातादी ते लिओपोल्डव्हिल रेल्वे १८९८ साली पुरी केली. रेल्वे समोरच्या काठावर होती आणि ब्राझाव्हिलचा माल नदी ओलांडून तिच्यावर चढवता येत होता. पण परक्याच्या रुळांवर अवलंबून राहायचं नाही म्हणून फ्रान्सने १९२१ ते १९३४ या काळात ब्राझाव्हिल ते प्वांत-न्वार ही स्वतःची पाचशेवर किलोमीटरची रेल्वे बांधली. मायोंबेच्या डोंगरातून बोगदे काढले, त्यासाठी थेट चाडच्या प्रदेशापासून सक्तीने माणसं आणली, आणि त्यातली हजारो मेली.

आमच्या धंद्यात एकच काम करणारा कोड दोन टीमांनी वेगवेगळा लिहिला तर त्याला डुप्लिकेशन म्हणतात आणि त्यावर मीटिंग होते. इथे डुप्लिकेशनची किंमत माणसांनी मोजली, आणि दोन्ही प्रती अजून 'प्रॉडक्शन'मध्ये आहेत. दोन रेल्वे, दोन बंदरं, दोन चलनं, दोन विमानतळ. फोनचे कोडही +२४२ आणि +२४३. एका आकड्याचा फरक.

आता साहित्याकडे वळतो, कारण या अंतराबद्दल सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण सूत्राचं नाही, जोसेफ कॉनरॅडचं आहे. १८९० साली तो बोटीवरच्या नोकरीसाठी काँगोत आला. २८ जूनला मातादीहून निघाला आणि २ ऑगस्टला किन्शासाजवळ पोचला, पाच आठवडे पायी. सरळ रेषेत हे अंतर २६५ किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्या सूत्राने ५० मिनिटं. मग 'रोआ दे बेल्ज' या आगबोटीने तो नदीतून वर आजच्या किसांगानीपर्यंत गेला. या प्रवासातून नऊ वर्षांनी 'हार्ट ऑफ डार्कनेस' आली.

चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात या पुस्तकावर वर्णद्वेषाचा आरोप ठेवला, तो वाद आता पाठ्यपुस्तकात गेलाय. मला त्यात एक बारीकशी भर घालायची आहे. कॉनरॅड अंतराचं रूपांतर काळात करतो. जितकं नदीतून वर जावं तितकं आपण मागे मागे, थेट सृष्टीच्या आरंभाकडे जातोय असं त्याचा मार्लो आपल्याला पटवत राहतो. आपलं सूत्रही अंतराचं रूपांतर काळातच करतं, फक्त ते ८०० ने भागतं आणि कॉनरॅड गुणतो. दोघांच्या गणितात समोरच्या काठाला जागा नाही. कॉनरॅड जिथे थांबला होता त्याच्या पलीकडे दहा वर्षांपूर्वीचं ब्राझाव्हिल होतं, दोन सत्ता एकमेकींच्या झेंड्यांकडे बघत होत्या, तेके व्यापारी दोन्हीकडे ये-जा करत होते. कादंबरीत ब्राझाव्हिल येत नाही. खरं तर तिच्यात काँगोचंही नाव येत नाही. नदीला फक्त एकच दिशा आहे, वर. आडवी नदी, म्हणजे रोज ओलांडायची नदी, त्याला दिसतच नाही. मार्लोसारख्या प्रवाशाला ती दिसायचं कारणही नाही, पण मग या पुस्तकाला काँगोचं पुस्तक म्हणायचं थांबवावं असं मला वाटतं. ते नदीतून वर जाणाऱ्या एका युरोपियनाचं पुस्तक आहे.

आंद्रे जीद १९२५ मध्ये इथे आला. त्याने आपलं 'व्हॉयाज ओ काँगो' कॉनरॅडच्या स्मृतीला अर्पण केलंय. पण तो कॉनरॅडपेक्षा चांगला वाचक निघाला, कारण त्याने डोळ्यांपुढच्या हिशेबाकडे बघितलं: रबराच्या कंपन्या कोणाला किती मोबदला देतात, कोणाला कशासाठी मारतात, त्या नव्या रेल्वेसाठी किती जीव जातायत. पुस्तक १९२७ मध्ये आलं आणि फ्रान्समध्ये गदारोळ झाला. काव्यात्मतेच्या बाबतीत ते कॉनरॅडच्या जवळपासही नाही. अर्धं पुस्तक फुलपाखरं आणि जेवणाच्या तक्रारींत जातं. तरीही या प्रदेशातल्या एका किलोमीटरची किंमत काय, हे त्यातून कळतं.

सिनेमावाल्यांनाही ब्राझाव्हिल माहीत होतं, बरं का. 'कॅसाब्लांका'च्या शेवटी धुक्यात चालत जाणारे ते दोघं ज्या गावाला जायचं बोलतात ते ब्राझाव्हिल. तेव्हा ती स्वतंत्र फ्रान्सची आफ्रिकेतली राजधानी होती. कॅसाब्लांकापासून अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, सूत्राने साडेसहा तास. मधे अख्खं सहारा. ते दोघं पायीच निघालेले दिसतात. त्या शेवटावर जगभरातल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आहेत आणि एकानेही विचारलं नसेल की अहो, जाणार कसे?

हे 'जाणार कसे' विमानांच्या बाबतीत तर फारच गमतीचं आहे. १९६० मध्ये दीड महिन्याच्या अंतराने दोन्ही काँगो स्वतंत्र झाले, ३० जूनला दक्षिण काठ आणि १५ ऑगस्टला उत्तर काठ. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, दोन विमान कंपन्या निघाल्या. पूर्वीच्या फ्रेंच वसाहती असलेल्या अकरा देशांनी मिळून 'एर आफ्रिक' काढली. तिच्यात ब्राझाव्हिल होतं. किन्शासाने बेल्जियन कंपनीच्या मदतीने स्वतःची 'एर काँगो' काढली, जी पुढे एर झाईर झाली. म्हणजे ब्राझाव्हिलने भागीदारी केली ती हजारो किलोमीटरवरच्या सेनेगल आणि आयव्हरी कोस्टशी, आठ किलोमीटरवरच्या शेजाऱ्याशी नाही. हा काही मूर्खपणा नव्हता. जुन्या मालकाची भाषा, चलन, कायदे आणि विमानं ज्या दिशेने जात होती त्या दिशेलाच नवे देशही गेले. एर आफ्रिक २००२ मध्ये बुडाली आणि एका आफ्रिकन शहरातून दुसऱ्यात जायला पॅरिस गाठण्याची पाळी कित्येकांवर आली.

हे सुधारायचे प्रयत्न कागदावर उत्तम आहेत. १९९९ च्या यामुसुक्रो निर्णयात आफ्रिकन देशांनी एकमेकांच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश मोकळं करायचं ठरवलं. तिसऱ्याच देशाची कंपनीही दोन देशांमध्ये प्रवासी नेऊ शकेल अशी त्यात तरतूद आहे. एकोणीस वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, तेच पुन्हा 'एकच आफ्रिकन हवाई बाजारपेठ' म्हणून आदिस अबाबात सुरू झालं, २३ देशांसह. अडतं ते जुन्याच जागी. प्रत्येक सरकारला स्वतःची कंपनी जगवायची असते, आणि तिकिटावरचे कर-शुल्क हे सहज मिळणारं उत्पन्न असतं. शिवाय व्हिसा. नायजेरियाचे अलिको डांगोटे हे आफ्रिकेतले सगळ्यात श्रीमंत गृहस्थ. २०२४ मध्ये किगालीच्या व्यासपीठावर त्यांनी तक्रार केली की त्यांच्या पासपोर्टवर त्यांना या खंडात फिरायला ३५ व्हिसा लागतात, आणि शेजारी बसलेल्या फ्रेंच उद्योगपतीला त्यांच्यापेक्षा मोकळेपणाने फिरता येतं. डांगोटेंची ही गत, तर बाकीच्यांचं काय विचारता.

बाकीचे बोटीने जातात. किन्शासाच्या बाजूचा धक्का न्गोबिला बीच, ब्राझाव्हिलच्या बाजूलाही नुसतं 'बीच'. नाव ऐकून वाळू आणि शहाळी डोळ्यांपुढे आणू नका. तिथे पोती, पेट्या, हमाल, पोलीस आणि कस्टमवाले असतात. जलद बोटीला पाच-दहा मिनिटं लागतात, मोठ्या फेरीला जरा जास्त. पाण्यावरचा वेळ हा या प्रवासातला सगळ्यात छोटा भाग. आधी आणि नंतर कागद, शिक्के, शुल्क, आणि ज्याला शुल्क म्हणता येणार नाही असं बरंच काही.

या धक्क्यावरची एक गोष्ट मला या संपूर्ण विषयातला सगळ्यात मोलाचा मजकूर वाटते. मोबुटूच्या काळात अपंगांना फेरीच्या भाड्यात आणि जकातीत सवलत मिळू लागली. पोलिओने पाय गेलेल्या माणसांनी त्यातून एक धंदा उभा केला. हाताने चालवायच्या मोठ्या तीनचाकी गाड्यांवर पोत्यांचे डोंगर रचून ते दोन्ही काठांमध्ये मालाची ने-आण करू लागले. धडधाकट माणसं त्यांच्या गाड्या ढकलायला कामावर राहू लागली, कारण गाडीबरोबर असलं की आत शिरता येतं. दोन शहरांमधलं अंतर किती, याचं खरं उत्तर तिथल्या व्यापाऱ्यांनी असं काढलं होतं: तुमच्याकडे कुठली सवलत आहे त्यावर अवलंबून. ज्याला जिना चढता येत नव्हता त्याच्यासाठी नदी सगळ्यात अरुंद होती. कोणत्याही सूत्रात असा चल टाकायची कल्पना मला सुचली नसती.

अंतर दुसऱ्या बाजूनेही ताणता येतं. एप्रिल २०१४ मध्ये ब्राझाव्हिलच्या पोलिसांनी किन्शासाकडच्या लोकांना हुडकून बाहेर काढायची मोहीम सुरू केली. तिचं नाव लिंगाला भाषेत होतं, 'म्बाता या बाकोलो', म्हणजे थोरल्यांची थप्पड. गुन्हेगारी वाढली हे कारण दिलं गेलं. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसं नदीपलीकडे गेली. काहींना हाकललं गेलं, काही पुढचं ओळखून आधीच निघाली. मारहाणीच्या आणि बलात्काराच्या तक्रारी मानवाधिकार संघटनांनी नोंदवल्या. त्यात वर्षानुवर्षं तिथे राहिलेले होते. एकाच घरात नवरा एका काठाचा आणि बायको दुसऱ्या काठाची असं इथे सर्रास असतं. अशा घरासाठी त्या वर्षी ८ किलोमीटर या आकड्याला काही अर्थ उरला नव्हता.

मोहिमेच्या नावाची भाषा बघा. आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे नदी, सरहद्द, चलन, सरकार सगळं बदलतं आणि भाषा बदलत नाही. हाकलणारा आणि हाकलला जाणारा, दोघांनाही थप्पडेचा शब्द एकच.

आणि एकदा खरोखर या दोन शहरांमध्ये सरळ रेषेत, हवेतून, ना व्हिसा ना धक्का असा प्रवास झाला. १९९७ मध्ये ब्राझाव्हिलमध्ये यादवी पेटली होती, तेव्हा तिथून उडालेले तोफगोळे किन्शासात पडले आणि माणसं मेली. हॅवरसाइनचं सूत्र शब्दशः लागू पडेल असे प्रवासी एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, एका बिचाऱ्या आकड्यावर किती राग. राग आकड्यावर नाही. आकडा कुठल्या जागेवर बसलाय यावर आहे. 'विमानाने लागणारा वेळ' या शब्दांत एक विमान गृहीत आहे. ते कुठल्याच वेळापत्रकात नाही, त्याला कंपनी नाही, परवाना नाही, प्रवाशाच्या हातात पासपोर्ट नाही. तो पासपोर्ट कुठला, यानुसार हा वेळ बदलायला हवा. सूत्राचा प्रवासी कुठल्याच देशाचा नाही, म्हणजे व्यवहारात तो अशाच देशाचा आहे जिथल्या माणसाला सरहद्द जाणवत नाही. कुठे उभं राहून हे बोललं जातंय, या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. उत्तर माहीत नसेल तर तिथे रिकामी जागा ठेवता येते, डेटाबेसमध्ये त्यासाठी 'नल' नावाची स्वतंत्र सोय आहे. पण रिकामी जागा दिसायला वाईट दिसते म्हणून आम्ही लोक तिथे भागाकार भरतो.

या काठांवरच्या कलावंतांनी मात्र ही जागा भागाकाराने भरलेली नाही. संगीताचंच बघा. १९५६ मध्ये लिओपोल्डव्हिलमध्ये फ्रँकोचं ओके जाझ निघालं, त्याच्या संस्थापकांत ब्राझाव्हिलचा सॅक्सोफोनवादक जाँ सर्ज एसू होता. तीन वर्षांनी तो परतला आणि आपल्या काठावर 'ले बांतू द ला कापिताल' उभं करणाऱ्यांत सामील झाला. कुठला रुंबा कुठल्या काठाचा हे ठरवायचा प्रयत्न कोणी केलाच तर तो पहिल्याच गाण्याला फसेल. २०२१ च्या डिसेंबरात युनेस्कोने काँगोली रुंबाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा अर्ज दोन्ही देशांनी मिळून केलेला होता. रेल्वे एकत्र बांधता आली नाही, विमान कंपनी काढता आली नाही, पण हा अर्ज झाला.

लेखकांचंही तसंच. ब्राझाव्हिलचे म्हणून ओळखले जाणारे दोन मोठे लेखक, दोघंही जन्माने पलीकडचे. आन्री लोपेस १९३७ साली लिओपोल्डव्हिलमध्ये जन्मले आणि १९७३ ते ७५ या काळात समोरच्या देशाचे पंतप्रधान होते. सोनी लाबू तान्सी १९४७ साली किन्शासाजवळच्या किम्वेंझात जन्मला, समोरच्या देशात शिक्षक झाला, नाटकमंडळी काढली आणि १९९५ मध्ये गेला. लोपेस यांची 'ल प्लरे-रीर' (१९८२) आणि सोनीची 'ला व्ही ए दमी' (१९७९) या दोन्ही कादंबऱ्यांत एक हुकूमशहा आहे आणि देश काल्पनिक आहे. यावर नेहमीचं स्पष्टीकरण असं की सेन्सॉरच्या भीतीने नाव टाळलं. ते खरं असेलच, पण मला ते अपुरं वाटतं. नाव काढून टाकलं की काठ निघून जातो. वाचताना हा कोण, मोबुटू की आपला इकडचा, हे ठरत नाही, आणि ठरू नये अशीच त्या लिखाणाची घडण आहे. नदीच्या दोन्ही बाजूंचे साहेब एकाच खुर्चीत बसवायचे तर देश काल्पनिकच लागतो. सोनीच्या कादंबरीत हुकूमशहा ज्या बंडखोराला पुन्हा पुन्हा मारतो तो मरायलाच तयार होत नाही. हा जादुई वास्तववाद वगैरे म्हणून लॅटिन अमेरिकेच्या खात्यात टाकायची घाई समीक्षकांनी केली. मला त्यात लॅटिन अमेरिकेपेक्षा न्गोबिला बीच जास्त दिसतो: जो माणूस एका काठावर कागदोपत्री संपलेला असतो तोच दुसऱ्या काठावर सकाळी चहा पीत बसलेला असतो.

दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत, मिळवून वाचा. सोनीची आधी.

राहता राहिला पूल, आपल्या मराठी अर्थाचा. नदीच्या खालच्या अंगाला मातादीला १९८३ साली जपानच्या मदतीने ७२२ मीटरचा झुलता पूल झाला, पण त्याची दोन्ही टोकं एकाच देशात आहेत. दोन राजधान्या जोडणाऱ्या पुलाची चर्चा कित्येक दशकं चालू आहे. २०१८ मध्ये आफ्रिकन विकास बँकेच्या पुढाकाराने करार झाला: १,५७५ मीटर लांबी, वर रस्ता आणि रेल्वे दोन्ही. मातादीवाल्यांना धास्ती आहे की पूल झाला तर किन्शासाचा माल प्वांत-न्वारच्या खोल बंदराकडे वळेल, म्हणजे १८९८ आणि १९३४ चं भांडण अजून मिटलेलं नाही. पुलाची जागा ठरली आहे ती शहरांपाशी नाही, डोहाच्याही वर मालुकूजवळ, किन्शासापासून साठेक किलोमीटरवर. तेव्हा पूल बांधून झाल्यावर किन्शासा ते ब्राझाव्हिल या जोडीच्या ओळीत आणखी एक आकडा भरला जाईल, रस्त्याने लागणारं अंतर, आणि तो शंभराच्या पुढचा असेल.